टेकडीवरच्या साठ टेटूंची हजेरी

काकू, जमलेल्या वडीलधाऱ्यांनो,

मला चारचौघांत बोलायची सवय नाही. लिहून आणलंय. अडखळले तर सांभाळून घ्या.

सुभेदारकाकांना जाऊन आज दहा दिवस झाले. तुम्ही सगळ्यांनी त्यांच्या लढाईतल्या गोष्टी सांगितल्या. मला त्यांची झाडं तेवढी माहीत आहेत. काढ्यासाठी मुळ्या खणून खणून आपल्या डोंगरातलं टेटूचं झाड संपत आलं होतं. काकांनी कुठून कुठून बी मिळवलं आणि दुष्काळ सरल्यावर रहिमतपूरच्या टेकडीवर साठ रोपं लावली. प्रत्येकाला नंबर दिला. मी घरीच वडिलांकडे शिकले, अक्षर बरं आलं, म्हणून वही माझ्याकडे.

दर रविवारी हजेरी. काका पुढे, मी मागे. उन्हाळ्यात टेटूची पानं झडतात, नुसती काठी उरते. मी लिहिलं, नंबर सात, मयत.

"कुणाला इचारून मारलंस?" काका गरजले. "नख लावून बघ की!"

नख लावलं. आत हिरवं.

"रजेवर गेलेल्याला मयत लिवतीस व्हय? त्येच्या घरी तार गेली म्हंजी?"

मी त्या रोपाची माफी मागितली. खरंच मागितली. हसू नका.

मग वनखात्याचे साहेब आले. आजही ते इथे समोरच बसलेत. त्यांची अट साधी होती. निम्मी रोपं जगली तर टेकडीभोवतीचं कुंपण राहील, नाहीतर ती पुन्हा चराईला खुली. मोजणी सुरू झाली. लावलेली साठ, भरली अडुसष्ट! साहेब चष्मा पुसून पुन्हा मोजायला लागले.

झालं असं होतं, की काकांवरच्या मायेपोटी आपल्या महादूदादांनी सकाळीच शेवग्याच्या पस्तीस फांद्या रोवून ठेवल्या होत्या. पान लांबून तसंच दिसतं. मला जवळून ओळखू आलं. तरी मी वहीत त्यांच्याही खुणा करत गेले.

काका एका फांदीसमोर थांबले. "तू कवा भरती झालास रं?" म्हणाले, आणि उपटली. मग दुसरी. मग तिसरी. साहेबांच्या देखत.

"आवं सुभेदार, ऱ्हाऊ द्या की! कुंपण जाईल," दादा रडकुंडीला आले.

"जाऊ दे. ह्यो शेवगा तुझ्या आमटीत घाल गड्या."

खरी तेहतीस निघाली. कुंपण वाचलं. उतरताना काकांनी मला एवढंच विचारलं, "तुला दिसलं हुतं नव्हं?"

मी वही छातीशी धरून चालत राहिले. त्यांनी पुन्हा कधी विचारलं नाही, आणि माझं सांगायचं राहूनच गेलं.

काका, दिसलं होतं.

साहेबांना आज पुन्हा आकडा हवा आहे, अट तीच. सकाळी मी एकटीच टेकडीवर जाऊन आले. एकेक रोप हाताळून पाहिलं, वरून खाली आणि खालून वर. मघाशी दारात महादूदादा कानाशी लागले, "तीस म्हण गं बाई. लय न्हाई, एकच. सुभेदारांच्या नावानं धर."

साहेब, एकोणतीस आहेत.

पुढचं तुम्ही ठरवा. आता सुभेदारकाकांसाठी आपण सगळे क्षणभर गप्प उभे राहू या. दादा, तुम्हीसुद्धा उठा. माझ्यावर रागवायचं ते नंतर रागवा.