नऊ काडतुसांची बंदूक

…नाही, तुम्हीच सांगा, त्रेचाळीस वर्षं जी बंदूक माझ्या खांद्याला लागली, जिनं मी निम्म्या नेब्रास्कातले रानकोंबडे खाली पाडले, ती एकदम वाईट कशी झाली? वाईट झाली नव्हती. तिला वाईट म्हणणारे जमले. आमच्या लूप नदीकाठच्या जुन्या खडीच्या खाणीत शॉटगनचे सामने होतात, तिथं जो तो तज्ज्ञ. कालपर्यंत मक्याचे ट्रक हाकणारा आज मला शिकवतो, "हार्लन, तुझ्या बंदुकीत पाचच मावतात. पाचात काय होतं?" अरे, पाचात मी तुझ्या जन्माच्या आधीपासून जेवतोय.

पण माझंही डोकं फिरलं होतं, ते सांगतो आधी. क्लबात कॉफीच्या भांड्याशेजारी एक लाकडी फळी आहे. पंपवाल्यांची फळी, दरवर्षी जिंकणाऱ्याचं नाव तिच्यावर चढतं. पंप म्हणजे दर बार उडाल्यावर हातानं दांडा मागं ओढायचा, पुढं ढकलायचा, ती बंदूक. आता सगळ्या पोरांकडं आपोआप भरणाऱ्या. पंपवाले उरलो दोघं, मी आणि गेलन फ्रिश. गेलनचं शेत माझ्या शेताला लागून, आमचं कुंपण एक, आमचं शाळेतलं बाकडंही एक होतं, म्हणजे मी शाळेत होतो तितके दिवस. त्या फळीवर गेलनचं नाव आठ वेळा. माझं? एकदाही नाही. आठही वर्षं मी दुसरा. दुसऱ्याचं नाव फळीवर घालत नाहीत, त्याला कॉफी देतात.

आणि गेल्या हिवाळ्यात कमिटीनं ठरवलं की दोन म्हाताऱ्यांसाठी वेगळा गट ठेवणं परवडत नाही. हे वर्ष शेवटचं. त्यानंतर फळी तशीच भिंतीवर राहणार, नवीन नाव चढणार नाही. म्हणजे कळलं ना? मी मेल्यावरही त्या भिंतीवर गेलन आठ आणि मी शून्य. म्हणून नवीन बंदूक. तक्रार बंदुकीची नाही हो, बंदूक चांगलीच निघाली. पुढचं ऐका.

माझ्या जुनीची खालची नळी, जिच्यात काडतुसं भरतात ती, लांब करता येत नाही. तिची घडणच तशी. म्हणून गेलो दुकानात. तिथला पोरगा म्हणतो, "सेफ्टीचा खटका वर हवा की बाजूला?" मी म्हटलं, खटका चालायला हवा. म्हणतो, "तसं नाही काका, तुमची बोटं कशी आहेत?" बोटं कशी असणार, सांधेदुखीची आहेत! एकीचा खटका वर, तिचा दांडा खुळखुळतो. दुसरीचा दांडा लोण्यासारखा, तिचं वजन वासरासारखं. तिसरीला तो म्हणाला हात लावू नका, तिचे भाग मिळत नाहीत. मग विकायला कशाला ठेवलीस बाबा?

शेवटी घेतली शेरीफच्या माणसांनी काढून टाकलेली. पोलिसांची बंदूक म्हणजे बाहेरून घासलेली आणि आतून कोरी. गाडीत बसून नुसती फिरलेली, माझ्या मेव्हण्यासारखी. आणि जुनी मी बदल्यात दिली. दिली म्हणजे देऊन बसलो. बायको, वर्ना, एवढंच म्हणाली, "ती दिलीस?" नंतर आठवडाभर हेच दोन शब्द. जेवायला वाढताना, "ती दिलीस."

मग डार्ल. डार्ल हा आमच्याकडचा बंदुका दुरुस्त करणारा, धान्याच्या कोठारामागं त्याची शेड. बंदूक हातात घेतली, नाकाशी नेली, बिस्किटाचा वास घ्यावा तशी. म्हणाला, "नळी वाढवू. नऊ मावतील." वाढवली. मग म्हणाला, "नळी वाढली, आता पुढून जड झाली, मागं दस्त्यात शिसं भरू." भरलं. "आता एकूणच जड झाली, वरची नळी कापू." कायद्याला चालेल तेवढी कापली. "कापल्यामुळं धक्का वाढला, रबर लावू." रबर लावलं तर दस्ता लांब झाला, म्हणून दस्ता कापला, आणि दस्ता कापला तेव्हा आधी भरलेलं शिसं बाहेर आलं. मी म्हटलं, डार्ल, आपण परत होतो तिथं आलो का? तो म्हणतो, "नाही नाही, आता ती समतोल आहे." माझा तोल गेला त्याचं काय?

काडतुसं घालायचं खालचं तोंड त्यानं घासून घासून एवढं मोठं केलं की माझा अंगठा मनगटापर्यंत आत जाईल. आता चार काडतुसं एका मुठीत धरून दोन-दोन सरकवायची. सगळी पोरं तशीच भरतात. मी जानेवारी ते एप्रिल स्वयंपाकघरात उभा राहून खोटी काडतुसं भरत होतो. अंगठ्याचं नख गेलं. वर्ना मटणाचा रस्सा ढवळत म्हणायची, "हार्लन, खाली पडलेली उचल, मी घसरेन." पण जमलं. मे महिन्यात मी चार काडतुसं तीन सेकंदांत आत घालत होतो. चौऱ्याहत्तराव्या वर्षी. म्हणून म्हणतो, तक्रार बंदुकीची नाही.

सामन्याच्या दिवशी वारा होता, पण आमच्याकडं तो कधी नसतो? एकूण पाच फेऱ्या. पहिलीत गेलन माझ्यापुढं चार सेकंद. मी म्हटलं, झालं, नववं नाव. दुसऱ्या फेरीत गेलन उभा राहिला, एक बार टाकला, दुसरा टाकला, आणि तिसऱ्याला त्याच्या नळीचं टोपण उडालं. आतली स्प्रिंग सापासारखी बाहेर, काडतुसं गवतात. त्यानंही नळी वाढवली होती, आणि वाढवली होती डार्लनंच. टोपण काही सापडलं नाही. आम्ही अकरा माणसं गुडघ्यावर बसून गवत चाचपत होतो.

आता आमच्याकडं एक रीत आहे. सामन्यात कुणाची बंदूक मोडली की दुसरा आपली पुढं करतो. विचारायची वाट बघत नाहीत. त्यातही वर्षभर ज्याच्याशी चढाओढ, त्यानं आधी पुढं करायची, हे तर ठरलेलंच. पंपच्या गटाला पंपच लागते, आणि खाणीत पंप दोनच. एक गवतात पडलेली आणि एक माझ्या हातात.

मी काय केलं, तुम्हाला सांगतो. मी खाली वाकलो आणि बुटांच्या नाड्या बांधत बसलो. चांगली दोन मिनिटं. माझ्या बुटांना नाड्या नव्हत्या.

वर बघितलं तर कोरीन माझ्याकडं बघत होती. कोरीन आमची पंच, शाळेत गणित शिकवते, वेळ मोजायचं यंत्र तिच्याच हातात. गेलननं टोपी काढली, डोकं खाजवलं आणि म्हणाला, "माझं झालं. दोन फेऱ्यांचे काय गुण असतील ते लिही." आणि आडव्या झालेल्या लोखंडी पाट्या उभ्या करायला निघून गेला. त्याला माहीत होतं. शाळेतल्या बाकड्यापासून तो मला ओळखतो, त्याला नाड्या दिसणार नाहीत?

म्हणजे आता मला फक्त शेवटपर्यंत पोचायचं होतं. हळू चाललो असतो, बंदूक काठीसारखी टेकत गेलो असतो, तरी जिंकलो असतो. तिसरी फेरी झाली, चौथी झाली. बंदूक कुठं अडली नाही. तक्रार तिची नाहीच.

पाचव्या फेरीला समोर जवळ सहा पाट्या, त्या छर्‍याच्या काडतुसांनी पाडायच्या. मग लांब, टेकडीच्या पोटाशी दोन मोठी निशाणं, त्यांना जाड गोळीची काडतुसं. जवळच्या पाटीला जाड गोळी मारायची नाही. मारली तर गोळीचे तुकडे मागं उडतात, माणूस मरतो. म्हणून ज्यानं मारली तो सरळ बाद, सगळ्या फेऱ्यांचे गुण पुसून. हे पहिल्या दिवशी शिकवतात, दर सामन्याआधी मोठ्यानं वाचतात, आणि त्या सकाळी ते वाचून कुणी दाखवलं असेल? मी. सगळ्यात म्हातारा म्हणून दर वेळी मलाच वाचायला लावतात.

नळीत जे आधी घातलं ते शेवटी बाहेर येतं. म्हणून मी आधी दोन जाड गोळ्या घातल्या आणि वर सात छर्‍याची. सहा पाट्या, एक जादा. हिशोब बरोबर आहे की नाही? पाटी तिसरी चुकली. ठीक, जादाचं काडतूस गेलं. चौथी पडली, पाचवी पडली, सहावी चुकली. आता माझ्या जुन्या बंदुकीत पाच मावायची. पाचानंतर चाप ओढला की नुसतं टक् व्हायचं, माणूस थांबायचा, खिशात हात घालायचा, काय हातात येतंय ते बघून भरायचा. त्रेचाळीस वर्षं त्या टक्‌नं मला थांबवलं. ही बया थांबतच नाही! हातानं दांडा ओढला, ढकलला, चाप ओढला, आणि धाड्. पाटी पडली नाही. पाटीला भोक पडलं. माझ्या मुठीएवढं भोक, आणि त्यातून पलीकडची टेकडी दिसत होती.

कोरीन म्हणाली, "थांबा. बंदूक रिकामी करा." मग जवळ येऊन हळूच, "हार्लन, किती झाले होते?" मी म्हटलं, सात. "मग हा कितवा?" गणिताची बाई ती, विचारणारच.

गुण पुसले. गेलनचे दोन फेऱ्यांचे राहिले. दोन फेऱ्या म्हणजे शून्यापेक्षा जास्त, एवढं गणित मलाही येतं. फळीवर नववं नाव गेलनचंच.

बाद झालेल्यानं घरी पळून जायचं नाही, बाकीच्यांच्या पाट्या उभ्या करत बसायचं. म्हणून दुपारभर मी आणि गेलन त्या खाणीत पाट्या उचलत होतो. मी रंग मारायचो, तो उभी करायचा. मग तो म्हणाला, "बंदूक दिली असतीस तर जिंकलो असतो का रे मी?"

"जिंकला असतास."

"मग बरं केलंस. तुझ्या बंदुकीनं जिंकायला मला लाज वाटली असती." आणि एक पाटी उभी करून, "आताही वाटतेच आहे म्हणा. तू तर माझा जिंकण्याचा आनंदही नासवलास, म्हाताऱ्या."

मी म्हटलं, "तुझ्या टोपणाचं काय झालं?"

"सापडलं. माझ्या खिशाच्या घडीत अडकलं होतं."

"मग बसवून पुढं खेळला का नाहीस?"

तर म्हणतो, "तुझ्या बुटांकडं बघत होतो ना, चौथ्या फेरीपर्यंत हात खिशात गेलाच नाही."

घरी आलो. वर्नाला सगळं सांगितलं, नाड्यांसकट. ती म्हणाली, "आणि ती दिलीस."

गट बंद झाला. आता या बंदुकीचं करायचं काय? म्हटलं, बदकांना न्यावी. तर बदकांच्या शिकारीचा कायदा वेगळा, बंदुकीत तीनच्या वर काडतुसं मावली की दंड. मग काय, वर्नाच्या झाडूचा दांडा कापला आणि डार्लनं एवढ्या हौसेनं वाढवलेल्या नळीत आत कोंबला. नऊच्या जागी आता तीन मावतात. बदकं मिळत नाहीत, पण तीन मला मोजता येतात.