एका पायावरचा माणूस

दातांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी दोघी बहिणी बसल्या होत्या. धाकटीने पर्समधून टॅरोचं, म्हणजे भविष्य सांगायच्या चित्रांच्या पत्त्यांमधलं, एक पान काढून थोरलीला दाखवलं.

"वन्संनी दिलंय, ताई. टॅरो शिकल्यात ना त्या. रोज बघायला सांगितलंय."

"कशाला?"

"हा माणूस एका पायावर उभा राहून तप करतोय. म्हणजे मीही धीर धरायचा. नोकरी सोडून सासूबाईंचं सगळं करायचं."

"आणि लेक काय करणार त्यांची?"

"वन्संना क्लास असतात गं."

"वा! त्यांना क्लास आणि तुला तप! राजीनामा दिलास की काय?"

"उद्या देणारे."

"थांब जरा. याचे केस असे ताठ वर का गेलेत?"

"वाऱ्याने असतील."

"कसला डोंबलाचा वारा! आण इकडे ते पान. हे असं फिरव. आता बघ."

"अगं बाई! हा तर उलटा टांगलाय!"

"एका पायाने, झाडाला! आणि हात?"

"मागे बांधलेत वाटतं."

"पान धड सुलट धरता येत नाही आणि निघाल्या दुसऱ्याचं आयुष्य वाचायला!"

"पण ताई, चेहरा बघ ना त्याचा. किती शांत आहे. काही त्रास होतोय असं वाटतच नाही."

"तुझाही अस्साच दिसतो. म्हणून तर कुणी सोडवायला येत नाही."