साखळीला बसायला शिकवलेलं कुत्रं

माझं माहेर दौंड तालुक्यातलं, वरवंडापासून आतल्या अंगाला, आन् माझ्या बापाची मेंढरं व्हती. दिवाळी झाली की मेंढरं, घोडी, बिऱ्हाड आसा सगळा वाडा घिऊन आमी कोकणाच्या वाटंला लागायचो आन् पावसाच्या तोंडावर माघारी यायचो, म्हंजी माझं लहानपण सगळं चालण्यात गेलं, साळा बिळा काय न्हाई. पण कुत्रं कसं वाढवायचं ते बापानं शिकवलं. पिल्लू लहान आसतानाच मेंढीच्या दुधावर घालायचं, वाघुरीत कोकरांमधी निजवायचं, वाघूर म्हंजी मेंढरांभवती लावत्यात ती जाळी, आन् त्येचा लाड करायचा न्हाई. आमी पोरी, पिल्लू दिसलं की हात शिवशिवायचं, पण बाप म्हणायचा, हात लावू नका, ते तुमचं न्हाई, ते मेंढरांचं हाय. आसं वाढलेलं कुत्रं जीव गेला तरी मेंढरं सोडत न्हाई. आन् एक गोष्ट नीट लिवा ताई, आमच्या वाड्यातलं कुत्रं कवाच बांधलेलं नसायचं. लांडग्यासाठी गळ्यात खिळ्यांचा पट्टा आसायचा, पण दावं न्हाई. जे बांधलंय ते राखण कशी करंल, हे आमच्यातल्या शेंबड्या पोरालाबी कळत व्हतं.

लगीन करून हिकडं शिरूर तालुक्यात आले, पाबळच्या बाजूला. सासऱ्यांनी मेंढरं काढून टाकली व्हती, शेतीच व्हती, मग माझं कुत्र्याचं शिक्षण ऱ्हायलं तसंच. पुढं घरधनी गेलं आन् हिकडं पुण्याची लोकं येऊन बंगलं बांधाय लागली. एकानं बघितलं, माझ्या एका हाकंवर कुत्रं बांधावरनं माघारी फिरतंय. त्यो म्हणला मावशी आमच्या कुत्र्यालाबी शिकवा. तवापासनं हेच करती. कुणाचं आडदांड कुत्रं आणून सोडत्यात, कुणी माझ्यापासलं पिल्लू नेत्यात.

पण त्यांची तऱ्हाच येगळी. राखणीला कुत्रं पायजे पण मोकळं नको, का तर बागंत उकरतंय, पाव्हण्यांच्या पांढऱ्या कापडावर पाय ठिवतंय. मग मला म्हणायची, मावशी, बांधायची सवय लावून द्या, साखळी घातली की वरडत ऱ्हातंय. आन् मी लावली सवय. मीच. धनगराची लेक आसून. काय सांगू तुम्हाला, लई सोपं आसतंय ते. साखळी घालायची, हातात भाकरीचा तुकडा धरायचा आन् गप उभं ऱ्हायचं. वढलं तर तुकडा न्हाई. बसलं, साखळी सैल पडली, की तुकडा तोंडात. म्हैनाभर केलं की साखळी गळ्यात पडायचा उशीर, कुत्रं आपलं आपण खाली बसतंय आन् तोंडाकडं बघतंय. लोकं वा वा करायची आन् मलाबी बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू.

गेल्या साली माझ्याकडं दोन पिल्लं व्हती, एका वेताची. कबऱ्या आन् सोनी. दोघांनाबी मी तसंच शिकवलं. कबऱ्याला साहेबांनी नेला. साहेब म्हंजी कारेगावला कंपनीत मोठं हायेत, आमच्या नवनाथला, माझ्या पोराला, त्यांनीच तिथं चिकटवलाय, म्हणून न्हाई म्हणता आलं न्हाई. पण मी बजावून सांगितलं, साहेब, ह्यो उसाचा मुलूख हाय, बिबट्या घराच्या पायरीपतोर येतोय, दिस कलला की ह्येला आत घ्या न्हाईतर मोकळा तरी सोडा. साहेब म्हणलं व्हय मावशी, काळजीच नको.

दोन म्हैन्यांनी नवनाथ कामावरनं आला त्यो चपला न काढताच दारात उभा ऱ्हायला. मी म्हणलं झालं काय रं. त्यानं मोबाईल म्होरं धरला. साहेबांच्या बंगल्यावरच्या कॅमेऱ्याचं व्हतं ते. दिवं लागायची येळ, वट्ट्यावर उजेड, कबऱ्या बांधलेला. कंपौंडावरनं बिबट्या आत उतरला. कबऱ्या उठला, एकदा भुकला, साखळी ताणली आन् गळ्याला वढ लागली तसा खाली बसला ताई. बसला आन् दाराकडं बघाय लागला. कुणी येईल म्हणून बघत व्हता. आत माणसं व्हती, टीव्ही चालू व्हता, खिडकीत उजेड हालताना दिसतोय. म्होरचं मी बघितलं न्हाई.

साऱ्या तालुक्यानं मातर बघितलं. साहेबांनीच पाठवलं व्हतं, ह्येला त्येला. दुकानात गेले तर बाया मोबाईल घिऊन बसलेल्या, आगं बया कसला मोठा हाय बिबट्या. बिबट्याचं काय कवतिक करताय, त्येचं पोट हाय ते त्यो भरणार, माझं त्येच्यासंगं भांडाणच न्हाई. ज्यानं दाराला कडी घालून भाईर ताट वाढून ठिवलं, त्येला कुणीच काय म्हणंना. सांगताना आत्ताबी तळपायाची आग मस्तकाला जाती.

आन् आठ दिसांत साहेबांची गाडी माझ्या दारात. उतरलं, खुर्चीवर बसलं, लई वाईट झालं मावशी म्हणलं, आन् च्या प्यायच्या आधीच सोनीकडं बोट करून म्हणलं, ही त्येचीच भईण ना, हिला नेतो. बल्ब गेला की दुसरा लावत्यात तसं. नवनाथ माझ्याकडं बघत व्हता, डोळ्यांनी सांगत व्हता, दे आये. त्येची नवकरी कुणाच्या हातात हाय ते मला काय कळत न्हाई व्हय? पण माझ्या तोंडातनं निघालंच. मी म्हणलं, साहेब, सोनी मिळायची न्हाई, आन् तुम्ही परत कुत्रं पाळू नका. तुमची साखळी आन् माझी शिकवण, दोघांनी मिळून मारला त्येला. साहेब हासलं आन् म्हणलं, कुत्रंच व्हतं मावशी. मी म्हणलं उठा माझ्या दारातनं. ते म्हणलं तवा माझा आवाज बांधापतोर गेला.

नवनाथला म्हैनाभरात बसवला घरी. का ते कुणी सांगितलं न्हाई आन् आमीबी इचारलं न्हाई. आता त्यो मिळंल तिथं रोजानं जातोय. माझ्यासंगं धड बोलत न्हाई, म्हणतोय, आये, तुला पोरापरीस कुत्रं मोठं झालं. त्येचंबी खोटं न्हाई. पण साहेबापुढं मान हालवून सोनी दिली आसती, तर मला जेवान ग्वाड लागलं नसतं.

आता मी कुणाचं कुत्रं बांधायला शिकवत न्हाई. मोकळं ठिवा, न्हाईतर वर जाळी लावलेलं खुराडं करा, मग या म्हणती. लोकं कमी झाली, होऊ द्या. तुम्ही एवढ्या लांबनं आलात, बसून ऐकलंत, तुमचं भलं होवो. एवढं मातर लिवा, शिकवायला म्हैना लागला, पण शिकवलेलं काढायला वरीस झालं तरी जमंना. रोज सकाळी सोनीला साखळी घालती आन् भाकरी लांब धरती. वढ म्हणती, वढ गं बाई, तोड ती साखळी, चाव मला. आन् ती आपली खाली बसती, शेपूट हालवती आन् माझ्या तोंडाकडं बघत ऱ्हाती.