मोतीरामला कुणी हात लावला नव्हता

आयाबायांनो, भावांनो, मोतीरामच्या सोयऱ्याधायऱ्यांनो,

एवढी माणसं या विहारापुढं मी दीक्षेच्या वर्धापनदिनालाच पाहिली होती. तेव्हा बोलणं सोपं होतं. आज उभा राहिलो आणि जीभ जड झाली. माझी जीभ जड झालेली पाहून काही जणांना बरं वाटलं असेल. दर आठवड्याला वाशिमच्या साप्ताहिकात मी तुमची टर उडवतो, आणि तुम्ही तो अंक एकमेकांकडून मागून वाचता. सरपंचसाहेब आताच कानाशी लागून म्हणाले, गुरुजी, आज फक्त चांगलं बोला, वातावरण नाजूक हाये.

वातावरण नाजूक आहे, कबूल. मोतीरामही नाजूकच होता. काठ्या घेऊन त्याच्या मागे धावताना ते कुणाच्या ध्यानात आलं नाही.

बसा. उठू नका. मी भांडायला आलो नाही. म्हणजे, भांडायलाच आलो आहे, पण बसून ऐका.

मी कशासाठी बोलतो आहे, ते आधीच सांगतो. मोतीराम गेला. त्याच्यासाठी आता काही करता येत नाही. फोटो नव्हता म्हणून त्याच्या सायकल दुकानाची पाटी टेबलावर ठेवली आणि तिला हार घातला, एवढंच करता आलं. पण त्याचा धाकटा भाऊ उत्तम, तोही त्याच दुकानातला आणि त्याच व्यसनाचा, या घडीला विहाराच्या मागे खताच्या गोदामात कोंडलेला आहे. उद्या पहाटे त्याला बैलबंडीत बांधायचं आणि जिथं वेड्यांना खांबाला साखळदंड घालून ठेवतात तिथं नेऊन सोडायचं, असं तुमचं ठरलं आहे. उद्याच बुधवार आहे. बुधवारी अकोल्याला व्यसन सोडवणारे ते डॉक्टर बसतात. उत्तम उद्या बंडीत जाणार की एस.टी.त, एवढाच आजच्या सभेचा विषय आहे. बाकी सगळी हारफुलं.

आता मोतीरामचं ऐका.

बापानं छप्पन साली दीक्षा घेतली, मेलेली ढोरं ओढायचं काम सोडलं आणि पोराच्या हातात पान्हा दिला. आपल्या वस्तीतलं ते पहिलं दुकान. मोतीरामनं वाकडं चाक हातात घेतलं की ते लाजून सरळ व्हायचं. पुढं त्याची दाढ दुखायला लागली. पंक्चरवर ठिगळ चिकटवायचं सुलेशन लावताना त्याचा वास नाकात गेला की ठणका कमी होतो, हे त्याला कळलं. दाढ पडून गेली. वास राहिला. आधी डबीला नाक, मग चिंधी, मग चिंधीवर चिंधी. ओठाभोवती फोड, डोळ्यांत पाणी, चालताना झोक. मध्येच हसायचा, मध्येच पान्हा उगारायचा. उत्तम शेजारी बसून हेच शिकला.

गावात दारूबंदीची समिती आहे. तिचे दोन सभासद स्वतः पितात, त्यामुळे तिला अनुभवाची कमतरता नाही. पण सुलेशन हे दारूतही बसेना, गांजातही बसेना. मग समितीनं ठरवलं की मोतीरामच्या अंगात काही शिरलं आहे आणि ते बाहेर काढावं लागेल. कसं काढलं? शाळेपुढच्या विजेच्या खांबाला त्याला ओल्या दोरानं बांधलं. नाकाखाली मिरच्यांची धुरी धरली. त्याच्याच दुकानातल्या ट्यूबा कापून पट्ट्या केल्या आणि त्या पट्ट्यांनी त्याची पाठ सोलली. रबराची पट्टी कातडीवर बसते तेव्हा कसा आवाज होतो, तो माझ्या वर्गापर्यंत आला. मी फळ्यावर बेरीज लिहीत होतो. खडू टाकून बाहेर आलो, तेव्हा मोतीरामचा एक दात त्याच्या सदऱ्यावर पडलेला होता आणि त्याचे सख्खे मामा, किसनमामा, त्याला विचारत होते, "निंगालं काय रे अंगातलं?"

मोतीराम म्हणाला, "दात निंगाला, मामा."

हसू येतं ना? मलाही आलं होतं. मग त्याची पाठ पाहिली.

एक सांगायलाच हवं. त्या दिवशी गावात जातपात उरली नव्हती. ज्यांना एकमेकांच्या विहिरीचं पाणी चालत नाही, त्यांना एकमेकांच्या हातातली पट्टी चालली. आयुष्यभर मी एकीवर लिहीत आलो. तिचं दर्शन मला असं व्हायचं होतं.

त्यानंतर पंचफुलानं ठरवलं. मोतीरामची बायको. ती समोर बसली आहे, पांढऱ्या लुगड्यात. तिनं कुणाला विचारलं नाही. जखमा सुकल्या तशी ती नवऱ्याला घेऊन अकोल्याच्या एस.टी.त बसली, आणि शिकलेला माणूस बरोबर असावा म्हणून मला घेऊन गेली. आता ऐका त्या डॉक्टरनं काय केलं. त्यानं मोतीरामला खुर्चीवर बसवलं. छाती तपासली, पाठ पाहिली, कुणी मारलं ते विचारलं. मोतीराम म्हणाला, घरच्यांनीच.

मी म्हणालो, दाखल करून घ्या. त्यानं नाही म्हटलं. म्हणाला, इथं ठेवला तर इथं चांगला राहील. पण इथून सुटून जाणार कुठं? त्याच दुकानात. ज्या जागी जगायचं आहे, त्या जागीच त्याला बरं व्हायला लागेल. दर बुधवारी या. घरचं माणूस बरोबर आणा. चाकं, चेन, ब्रेक, सगळं करू दे, पण सुलेशन दुसऱ्यानं लावायचं आणि तेही उघड्यावर. वेळेवर जेवण, झोप. पुन्हा घसरेल. घसरला म्हणून येणं बंद करू नका, त्या आठवड्यात तर नक्की या.

आणि निघताना त्यानं पंचफुलाला दारातून परत बोलावलं. म्हणाला, "बाई, हे सगळ्यांना सांगा. तो वास घेऊन बसलेला दिसला, तर ओरडू नका, भेवाडू नका, मागे धावू नका. त्या वासानं काळीज कच्चं झालेलं असतं. अशात माणूस घाबरून पळाला, तर पळता पळता काळीज बंद पडतं. हळूच चिंधी काढून घ्या, मोकळ्या हवेत बसवा आणि जवळ बसा."

पंचफुलानं हे सांगितलं की नाही? सांगितलं. हातपंपावर सांगितलं, चावडीत येऊन सांगितलं, किसनमामांच्या दारात उभं राहून सांगितलं. आणि तुम्ही काय विचारलंत? तुम्ही विचारलंत, "सुई देल्ली काय?"

नाही.

"बाटली लावली?"

नाही.

"मंग दवाखान्यात गेले कायले, च्या प्यायले?"

झालं. ज्यानं सुई दिली नाही, तो डॉक्टर नाही. ज्यानं खाट दिली नाही, तो दवाखाना नाही. बोलतो आणि घरी पाठवतो, असा कुठं इलाज असतो का? लोक हो, नसबंदीच्या त्या हंगामात सुईवाले डॉक्टर जीप घेऊन गावात आले होते, तेव्हा सुईची एवढी माया तुम्ही कुठं ठेवली होती? अर्धं गाव तुरीत लपलं होतं. समितीचे एक सभासद तर नेसूच्या वस्त्रानिशी लपले होते, आणि वस्त्रही पूर्ण नव्हतं. मी नाव घेत नाही, ते स्वतःच खाली बघत आहेत.

तरी ती दोघं जात राहिली. आणि पंक्चर काढायला कोण बसलं? पंचफुला. दुकानाबाहेर लिंबाखाली पाण्याचं घमेलं घेऊन. ट्यूब फुगवायची, पाण्यात बुडवायची, बुडबुडा धरायचा, घासायचं, सुलेशन लावायचं, डबी कमरेला खोचायची. आत मोतीराम चाक सरळ करायचा. ओठाचे फोड गेले. रागावणं कमी झालं. एकदा मला म्हणाला, "गुरुजी, आता मले जेवनाचा वास येऊन राह्यला." पोटभर जेवणाऱ्या माणसाला या वाक्यातलं काही कळायचं नाही.

गावाला काय दिसलं? बाई पंक्चर काढून राह्यली. टवाळी सुरू झाली. लिंबाखालून जाताना सायकली मुद्दाम तिच्या अंगावर घालायच्या आणि म्हणायचं, "वैनी, आमची बी हवा पाहा." मग लोक सायकली दुरुस्तीला अनसिंगला नेऊ लागले. दुकान ओस पडलं. रिकाम्या हातांचा मोतीराम, आणि नाक तर होतंच.

मागच्या मंगळवारी तो घसरला. होय, घसरला. पंचफुलाची पाठ वळली, तशी त्यानं डबी उचलली आणि खालच्या नाल्यात बाभळीखाली जाऊन बसला. दुसऱ्या दिवशी बुधवार होता. डॉक्टरनं सांगितलं होतं, घसरला त्या आठवड्यात नक्की या. एक रात्र मध्ये होती. बस्स.

कुणीतरी त्याला पाहिलं. कुणी पाहिलं ते मी विचारत नाही. पाहून तो पंचफुलाकडे गेला नाही, चावडीकडे धावला. आणि हाळी उठली. काठ्या निघाल्या, बैलांच्या पराण्या निघाल्या, एकाच्या हातात तर घरातली मुसळी होती. मी त्या दिवशी वाशिमला होतो. इथं असतो तर मधे पडलो असतो, असं छातीला हात लावून मला सांगता येत नाही. एवढ्या काठ्यांच्या मधे पडायला काळीज लागतं. पण जे पाहिलं ते तुमच्यातल्याच लोकांनी मला येऊन सांगितलं आहे, आणि रडत सांगितलं आहे.

मोतीराम आधी हसला. नशेत होता. त्याला वाटलं, बोलवायला आले. मग काठ्या दिसल्या. त्याला खांब आठवला असेल, मिरच्या आठवल्या असतील. तो उठला आणि पळाला. मागून तुम्ही, "धर, पकड, सोडू नको" करत. तो तुरीत शिरला. त्याच तुरीत, जिथं तुम्ही लपला होता. तुमच्या मागे जीप होती तेव्हा तुमचं काळीज कसं उडत होतं, आठवतं? तुमचं काळीज धड होतं, म्हणून तुम्ही आज इथं बसून माझं ऐकताय. मोतीराम धावता धावता एकदम थांबला. कुणी पाठीमागून गचांडी धरावी तसा. आणि तोंडावर पडला.

किसनमामा आधी पोचले. म्हणाले, "ऊठ बे, सोंग करू नको." तो उठला नाही, तेव्हा त्याच्या पाठीवर काठी पडली. मग दुसरी पडली. मग कुणाची तरी लाथ बसली. मग कुणीतरी त्याला उलटा केला, आणि सगळ्यांच्या हातातल्या काठ्या आपोआप खाली आल्या.

पोलिसांपुढं सगळं गाव एका सुरात बोललं. साहेब, त्या दिवशी जिताजागता होता तंवर त्याले आमी हात लावला नाई. मी शब्दांवर पोट भरणारा माणूस आहे. तुमच्या या वाक्यात मला एक चूक काढता आली नाही. खरं आहे ते. मोतीरामला जिवंतपणी त्या दिवशी कुणी हात लावला नाही. लावला तो मेल्यावर.

किसनमामा, रडू नका. नाही, रडा, पण ऐका. तुम्ही त्याला मारलंत ते मायेनं मारलंत, हे मला ठाऊक आहे. कडेवर घेऊन त्याला शाळेत तुम्हीच आणला होता. वैऱ्यानं मारलं असतं तर तो चार हात लांब राहिला असता. तुमच्या मायेतून त्याला सुटता आलं नाही. काल तुम्ही मला म्हणालात, "एक त्या दवाखान्याच्या नादानं गेला. दुसऱ्याले मी साखळीत ठेवीन, पन जिता ठेवीन." मामा, पहिला दवाखान्यानं गेला नाही. दवाखान्यानं एक गोष्ट करू नका म्हणून सांगितलं होतं, ती केल्यानं गेला.

तो डॉक्टर दाखल करून घेत नाही, म्हणून तुम्ही हसलात. अहो, त्यानं दाखल केलं होतं. तुमच्याकडे. हे गाव त्याचा वॉर्ड होता. तुम्ही वॉर्डातली माणसं होता. आणि या वॉर्डात तुम्ही रोग्याच्या मागे मुसळी घेऊन धावलात.

आज सकाळी पंचफुला माझ्या घरी आली. मला वाटलं, बोलून मोकळी होईल. ती उंबऱ्यातच उभी राहिली. म्हणाली, "गुरुजी, मले रडाले वेळ नाई. उत्तमले उद्याच्या गाडीनं न्यायचं हाये. तेवढं दार उघडून द्या."

नवरा जाऊन जेमतेम आठवडा झाला आणि ही बाई दिराच्या औषधाचं बघते आहे. आणि आपण इथं तिचं सांत्वन करायला बसलो आहोत.

उत्तमही घसरेल. मी लपवत नाही. चार बुधवार नीट जाईल आणि पाचव्याच्या आधी घसरेल. तुमच्या सायकली तोवर अनसिंगलाच राहिल्या, तर आधीच घसरेल. तेव्हा त्याच्याजवळ जाऊन कोण बसेल, एवढंच ठरवायचं आहे. उद्या पंचफुलासोबत मी जातो. पुढच्या बुधवारी सरपंचसाहेब जातील, त्यांनी अजून हो म्हटलेलं नाही, पण एवढ्या लोकांपुढं नाही म्हणणं त्यांना जड जाईल.

आता शेवटचं. सभा सुरू झाल्यापासून या भोंग्याचा आवाज फार मोठा ठेवलेला आहे, आणि त्याचं तोंड लोकांकडे नाही, गोदामाकडे आहे. कुणी वळवलं ते मी विचारत नाही. कशासाठी वळवलं, ते समोर बसलेल्या बाया मघापासून जाणून आहेत. त्यांच्या माना सारख्या तिकडे वळताहेत.

मोतीरामला निरोप द्यायला आपण दोन मिनिटं उभं राहू. ज्याला काठी टेकून उभं राहावं लागतं त्यानं टेकावी, बाकीच्यांनी काठ्या खाली ठेवाव्यात. मी माइक बंद करायला सांगतो आहे. कुणी खोकू नका, कुणी बुद्धवंदना सुरू करू नका, ती नंतर म्हणू. आवाज येईल. उत्तम आतून दार वाजवतो आहे. दोन मिनिटं तो आपण सगळ्यांनी मिळून ऐकायचा आहे.

मग किसनमामा, किल्ली तुमच्याजवळ आहे. तुम्ही पुढं व्हा, आम्ही मागं येतो. चालत.

जयभीम, मोतीराम.

माइक बंद करा.