पोटफोड्या की शेंडीफोड्या

हॅलो? …ताई? अगं कुठे होतीस, पाच वेळा फोन लावला… हो, दवाखान्यातच आहे. बाबांना आत नेऊन वीस मिनिटं झाली. ताई, आधी एक सांग. बाबांच्या अंगावर काही खूण आहे का? डाग, वण, काहीही…

तसं नाही गं, भलतंसलतं बोलू नकोस. बरे आहेत. म्हणजे… मला माहीत नाही. खूण सांग आधी. सिस्टर इथेच उभी आहे.

आठव. आठवेपर्यंत सांगते, ऐक. आज इथे दोन ऑपरेशनं आहेत, शेजारशेजारच्या खोल्यांत. एक बाबांचा हर्निया. आणि दुसरे एक आहेत, त्यांचा पाय काढायचाय. हो, काढायचाय. गुडघ्याखाली, डायबिटीसमुळे. आणि ताई, त्यांचं नाव बाबांचंच आहे… आडनावही तेच. फक्त आडनावात ते पोटफोड्या ष लिहितात आणि आपण शेंडीफोड्या श.

बाबांना आत ढकलत नेताना मनगटावरची पट्टी दिसली मला. नाव, आडनाव, एवढंच छापतात त्यावर. पोटफोड्या होता गं. दार लागलं आणि मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. दोघांनाही भूल दिलीये, खुणेशिवाय ओळखायचं कसं, म्हणतेय सिस्टर.

चूक कोणी केली म्हणजे? मीच. सकाळी नाव नोंदवायच्या खिडकीवर बाबांनी नेहमीचं सुरू केलं, शेंडीफोड्या श लिहा हो. दूधवाल्यालासुद्धा सांगतात, माहितीये ना तुला. मागे ही रांग. मला लाज वाटली. मी म्हटलं, बाबा, काय फरक पडतो? आणि त्यांनी न बघता कागदावर सही केली. लगेच केली, ताई.

नको ओरडूस. खूण सांग… कोपर? उजवं कोपर, आतल्या बाजूला… इस्त्रीचा डाग. हो, हो, तुझ्या शाळेच्या फ्रॉकला इस्त्री करताना. रोज त्यांच्या हातचा चहा पिते मी आणि मला आठवू नये? थांब…

सिस्टर, उजव्या कोपराच्या आत भाजल्याचा डाग आहे. मोठा, त्रिकोणी.

…गेली. पळत गेली आत. फोन ठेवू नकोस ताई, बोलत राहा माझ्याशी.

काय विचारतेस? हो, ते दुसरे पेशंट आपल्याच भावकीतले. समोरच्या बाकावर त्यांची बायको बसलीये. एकटीच आहे, मांडीवर त्यांच्या चपला घेऊन. तिनेच मघाशी विषय काढला. आपल्या आजोबांचे थोरले भाऊ, त्यांचा हा मुलगा. दुकानाची वाटणी झाली ना, तेव्हा आपल्या आजोबांनी नव्या पाटीवर मुद्दाम अक्षर बदललं, गिऱ्हाईक चुकून भावाकडे जायला नको म्हणून. इतकं हाडवैर, आणि मुलांना नाव मात्र दोघांनी आपल्या बापाचंच ठेवलं. एकमेकांना न विचारता. आता हसावं की रडावं…

नाही, तिला नाही सांगितलं पट्टीचं. कुठल्या तोंडाने सांगू? माझ्या हातावर खडीसाखर ठेवली तिने, म्हणाली, घाबरू नकोस पोरी, हर्निया म्हणजे काहीच नाही.

ताई, पाय गेला तर? जिने चढून जातात ते रोज, लिफ्ट असून. शुद्धीवर येऊन खाली बघितलं तर मी काय सांगू त्यांना? काय फरक पडतो म्हणू?

दार उघडलं. सिस्टर आली… थांब. थांब जरा.

…

सापडले. बाबा सापडले, ताई. पाय काढायच्या खोलीतच होते. पाय पुसून, रेघ मारून ठेवला होता म्हणे. डॉक्टर हातमोजे घालत होते. डाग बघितला आणि थांबवलं. पाय आहे. दोन्ही पाय आहेत… रड, रड तू. मीही रडतेय.

…काय? काय म्हणालीस?

हो. हर्नियाच्या खोलीत. ते तिथे आहेत.

अगं, सिस्टर शेजारच्या खोलीत गेली तेव्हा तिथे सुरू झालं होतं. पोट… हो. उघडलंय. सिस्टरने माझ्या कानात सांगितलं आणि मोठ्या डॉक्टरांना बोलवायला धावली. मला म्हणाली, त्यांच्या घरच्यांना तुम्ही आत्ता काही बोलू नका.

त्यांची बायको बघतेय माझ्याकडे. मी रडताना बघितलं ना तिने. उठली… इकडेच येतेय. आधी मलाच विचारतेय, तुझे वडील बरे आहेत ना म्हणून.

नाही ताई, लपवणार नाही. लपवता यायचं नाही मला.

…काकू, बसा. इथे बसा, माझ्याजवळ. सांगते.

ताई, ठेवते.