लेकीचा ताबा

– आणि ‘तहकूब’च्या पुढे काय लिहिलंयस, दाखव बघू... ‘सुनावणी पुढील तारखेपर्यंत थांबवणे’. बरोबर आहे पोरी, मार्क मिळतील. सरक थोडी, दोघी मावतो या बाकावर. कोर्टातल्या कारकुनीची परीक्षा उद्या ना? मग विचार मला. मी नर्स, लहान मुलांच्या वॉर्डात – पण कोर्टाच्या या व्हरांड्यात बसून बसून शब्द पाठ झालेत.

‘अंतरिम आदेश’ – हं. तात्पुरता. आमचे वकीलसाहेबही हेच म्हणाले होते, “ताई, तात्पुरतंच आहे हो!” नवऱ्यापासून वेगळी झाले तेव्हा लेक दुसरीत. त्याचं म्हणणं, हिला रात्रपाळी, मुलीला बघणार कोण? म्हणजे बघ – लोकांची पोरं रात्र रात्र खांद्यावर घेऊन फिरायचं, आणि म्हणूनच म्हणे स्वतःची सांभाळायला मी नालायक! शाळा बापाच्या घराजवळ, घरात आजी – म्हणून तात्पुरता ताबा त्याच्याकडे. ताबा. घराचा घेतात, गाडीचा घेतात, लेकराचाही घेतात. मग मी रात्रपाळी सोडली, शाळेच्या मागच्याच गल्लीत खोली घेतली, खिडकीशी तिच्यासाठी टेबल मांडलं – आणि सुरू झालं तुझं ते तहकूब. त्याचे वकील आजारी – तहकूब. न्यायाधीश रजेवर – तहकूब. मग त्यांची बदलीच झाली, नव्या बाई आल्या, पुन्हा पहिल्यापासून! इकडे पोरगी दुसरीतून पाचवीत गेली. दुधाचे दात पडून नवे आले, ते मी पाहिलेसुद्धा नाहीत.

शेवटी न्यायाधीशबाईंनी तिला आपल्या खोलीत बोलावलं. प्रेमानं बोलल्या हो तिच्याशी, खोटं कशाला सांगू. बाहेर आली ती माझ्याकडे न बघता बापाच्या शर्टाची बाही धरून उभी राहिली. आणि निकाल काय, तर मुलगी तिथे रुळली आहे, आता हलवणं तिच्या हिताचं नाही. रुळणारच की! रुळेपर्यंत थांबलं कोण? मी काय करत होते – तारखांना हजर राहत होते. शहाण्यासारखी.

अपील? करू म्हणतात वकीलसाहेब. तोवर ती सातवीत, आठवीत... आणि तेवढंच नाही गं. तिला पुन्हा विचारतील, आणि ती पुन्हा तेच सांगेल – त्याची भीती वाटते मला. हे कुणाला बोलले नव्हते. तुला कशाला बोलले कुणास ठाऊक.

असो. ‘भेटीचा हक्क’ लिही. तो या निकालात मिळालाय मला. दर शनिवारी, ती समोरची खोली – भिंतीवर ससे रंगवलेत ना, तीच. आज पहिला शनिवार. केस विंचरून देईन म्हणून फणी आणलीय, वेडीच मी – तिचे केस कापलेत म्हणे परवाच.

थांब हं, शिपाईदादा येतायत. – काय दादा? फोन? ...येत नाही? कोण म्हणालं, वडील की ती? ...तीच बोलली. काय म्हणाली हो – ‘आईला सांगा’ म्हणाली, की ‘त्यांना सांगा’?

...बरं.

काही नाही पोरी. पुढचा शब्द कोणता – ‘अवमान’? तो पुस्तकात बघ. ऊठ, जा आता. तुझी आई वाट बघत असेल.