एका ओळीत एक काम

आजच्या सोहळ्याचे अध्यक्ष आणि आमच्या कंपनीचे संस्थापक माननीय खुशालरावजी, सत्कारमूर्ती देवानंदभाऊ, त्यांच्या शेजारी संकोचून बसलेल्या माणिकवहिनी, चांदूर बाजारहून खास आलेल्या आमच्या ग्राहक पार्बताबाई, आणि पंख्याखालच्या खुर्च्या आधीच पटकावलेल्या माझ्या सहकाऱ्यांनो,

मला, म्हणजे रागिणीला, 'दोन शब्द' बोलायला सांगितलं आहे. ते दोनात बसवणं मला कधी जमलेलं नाही, हे अध्यक्षांना ठाऊक आहे.

फळांच्या अडतीसाठी आपलं जे सॉफ्टवेअर आहे, त्याची सगळी मदतीची पानं देवानंदभाऊंनी लिहिली. साध्या टेक्स्ट फाइलीत, एका ओळीत एक काम. पण लोक ती उघडत नसत, भाऊंनाच फोन लावत. का? मोबाइलवर ती धड वाचताच येत नव्हती! भाऊंचं निवृत्तीचं वय झालं, तेव्हा खुशालरावजी म्हणाले, "तुमी गेल्यावर फोन कोन उचलन?" झालं, निवृत्ती पुढे ढकलली. वहिनींचा रिद्धपूरला जाऊन राहायचा बेत पुन्हा हुकला.

मग ठरलं, सगळी पानं मार्कडाउनमध्ये न्यायची. पाहुण्यांसाठी सांगते: मजकूर साधाच राहतो, फक्त मथळ्याआधी हॅश, पायरीआधी आकडा अशा खुणा करायच्या, की पान मोबाइलवर नीट दिसतं. आमच्या अमोलने ऐटीत प्रोग्रॅम लिहिला, चालवला आणि चहाला गेला. परत येऊन पाहतो तर काय! मार्कडाउन नुसती नवी ओळ मानत नाही, लागूनच्या ओळी जोडून टाकतं. भाऊंच्या सुट्या ओळींचा लगदा झाला होता. त्यातलं एक पान चाचणीसाठी पार्बताबाईंना गेलंही होतं. त्यांचा फोन आला, "काहून जी, हे वाचू का याचं भरीत करू?"

अमोल म्हणाला, जुनं फेकू, नवं लिहून घेऊ. भाऊ भडकले? छे! खुर्ची ओढून त्याच्याजवळ बसले. "अडतीवर एकजण पान मोठ्यानं वाचन अन् दुसरा बटनं दाबन. मी वाचतो. जिथं थांबलो, तिथं पायरी कर."

आणि भाऊ वाचत गेले, अमोल खुणा करत गेला. ऑफिसला ती पानं इतकी पाठ झाली, की आमची वर्षाली डब्याशी बसल्यावरही म्हणायची, "भाजी निवडा. खात्री करा. पुढे जा."

शेवटी नवी पानं सगळ्या ग्राहकांना गेली आणि हंगामातला संत्र्याचा पहिला लिलाव आला. फोन टेबलावर, आम्ही भोवती. सकाळ सरली, फोन नाही. अमोलने तर तो बंद पडला नाही ना, हेही पाहिलं. दुपारी वाजला. पार्बताबाई! भाऊंनी झडप घातली. "काय अडलं?"

"काईच नाई अडलं. लिलाव झाला, बिलं निघाली. पानं वाचून आमीच केलं सारं. भाऊ, आता तुमी घरी जा."

मी आनंदाने ओरडले, खोटं कशाला सांगू! भाऊ हसत होते आणि डोळे पुसत होते. ज्या माणसावाचून आपलं पान हलत नव्हतं, त्याने स्वतःच्या हातांनी स्वतःला मोकळं केलं. मंडळी, आपण जिंकलो!

वहिनी, आता रिद्धपूरला जा, आणि यांना घेऊनच जा. अध्यक्षांचे, पार्बताबाईंचे आणि आपणा सर्वांचे मनापासून आभार. माझ्या बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल, तर पोटात घाला. पानांत चूक सापडली, तर मात्र पोटात घालू नका, लगेच फोन करा. तो आता मी उचलणार आहे.